शेंड्यावरचं लाल भांडं

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अनुत्साबाईंनी घरातलं सगळं प्लास्टिक गोठ्यात नेऊन लपवलं. बादल्या, टब, दुधाचा कॅन, फुलाफुलांचा टेबलक्लॉथ, एवढंच काय, देवाच्या तसबिरीपुढची खोटी फुलंसुद्धा. जोयाना गाय या नव्या शेजाराकडे बघत रवंथ करत राहिली.

"बघतेस काय? तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं," अनुत्साबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. नवरा गेल्यापासून अनुत्साबाई आणि ही गाय, एवढंच घर उरलं होतं. मुलगा गावरिल शहरातून बजावत होता, "शरद ऋतूपर्यंत पाहुणे यायला लागले तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लाव, गाय विक, नि माझ्या फ्लॅटवर ये." फ्लॅट चौथ्या मजल्यावर. धार काढताना अनुत्साबाईंच्या तोंडून आपोआप निघायचं:

जोयाना माझे बाई, दारी कुरण हिरवं,
चौथ्या मजल्यावरती गवत कसं उगवावं?

पाहुणे येण्यासाठी फाटकावर जिल्ह्याची 'निसर्गस्नेही घर' अशी हिरव्या पानाची पाटी हवी. पाटीसाठी एक फॉर्म हवा आणि तो भरायला तिशीच्या आतले पाहुणे हवेत. फॉर्मवर मुख्य प्रश्न एकच होता: 'निसर्गाला न दुखावणारा असा मुक्काम तुम्ही का निवडलात?' तरुणांच्या मनात काय असतं, ते जिल्ह्याला जाणून घ्यायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे उतरले. इलिंका आणि मातेई, दोघंही बुखारेस्टचे, एकाच ऑफिसातले. विमान सोडून तेरा तास रेल्वेत बसून आले होते. दोघांकडे स्टीलच्या बाटल्या, कापडी पिशव्या. खोल्या मात्र दोन वेगळ्या हव्या होत्या. मातेई फाटकातून आत आला तोच शिंकत.

"गवताचा वास किती छान आहे ना!" इलिंका म्हणाली.

"फारच," मातेई म्हणाला आणि पुन्हा शिंकला.

शनिवारी अनुत्साबाई पहाटेच कापून वाळत घातलेलं गवत उलटायला डोंगरावर गेल्या. इलिंकाला माळ्यावर जुनी इनॅमलची भांडी सापडली. तिनं ती राखेनं घासली आणि अंगणातल्या फांद्या छाटलेल्या झाडावर सुकायला टांगली. सगळ्यात देखणं लाल भांडं तिच्या हातात उरलं.

"मातेई, तू उंच आहेस. हे वर लाव ना. अजून वर. अगदी शेंड्यावर!"

मातेईनं टाचा उंचावल्या आणि लावलं. इलिंकानं चौदा फोटो काढले.

इथे वाल्या मोरी गावात भांडी टांगायच्या अशा झाडाच्या शेंड्यावर लाल भांडं चढलं, की त्या घरात लग्नाची मुलगी आहे, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि अनुत्साबाईंच्या अंगणात तर मुलगी दिसतच होती; भाचीबिची असणार. दुपार व्हायच्या आत परास्किवाबाई चीज घेऊन हजर झाल्या. त्यांचा मुलगा तोआदेर चौतिशीला आला होता, अजून बिनलग्नाचा. पहिल्या खेपेला विषय काढायचा नाही, ही रीत. म्हणून त्यांनी हवेची चौकशी केली आणि इलिंकाचे हात निरखले.

"हात राखेचे झालेत. म्हणजे भांडी तूच घासलीस का गं?"

"हो काकू, साबणसुद्धा नाही वापरला!"

परास्किवाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांच्यामागून सुताराची आई अंडी घेऊन आली, मग आणखी एक मावशी प्लमची दारू घेऊन.

संध्याकाळी अनुत्साबाई परतल्या तर टेबल भरलेलं. "काकू, किती प्रेमळ माणसं आहेत तुमची! ओळख ना देख, घरचं आणून देतात!" इलिंका म्हणाली.

अनुत्साबाईंनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"ते... लाल भांडं जरा खाली काढूया का पोरी?"

"छे! ते झाडच तर मी फॉर्ममध्ये लिहिणार आहे. इथली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे ती!"

अनुत्साबाईंनी मनाशी हिशेब केला. उद्या संध्याकाळी फॉर्म हातात पडेल. तोवर एक दिवस रेटायचा.

पण रविवारी चर्च सुटलं तसं निम्मं गाव अंगणात आलं. तोआदेर गवताची इवलीशी टोपी घालून आईच्या मागे उभा, सुतार अकॉर्डियनसकट. पार मागे, फाटकाशी, छपराच्या लाकडी फळ्या बनवणारे ग्रिगोरे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, अंगात पांढराशुभ्र शर्ट, काखेत दोन फळ्या.

दुसऱ्या खेपेला विषय काढायचा असतो. परास्किवाबाईंनी इलिंकाचा हात हातात घेतला. "गायीची भीती नाही ना वाटत?"

"मुळीच नाही!"

"थंडीत इथे कमरेएवढा बर्फ पडतो हं."

"किती मस्त! काकू, मला तर इथून जावंसंच वाटत नाहीये. कायमचं राहावं इथे!"

अंगणात एकच कल्ला झाला. अकॉर्डियन सुरू झालं. परास्किवाबाईंनी पोतडीतून भरतकामाचा रुमाल काढून इलिंकाच्या खांद्यावर टाकला आणि तोआदेरला पुढे ढकललं. "मुका घे सासूचा, पोरी!"

"सासू?" इलिंका म्हणाली.

"थांबा!" मातेई ओरडला. ओरडता ओरडता तीन शिंका आल्या. "ती... आक्छी... ती नाही राहणार! तेरा तास रेल्वेत बसलो मी हिच्यासाठी! गवतानं माझे डोळे सुजलेत! अंगणापलीकडच्या त्या संडासात रात्री कंदील घेऊन जातो मी! आणि हा टोपीवाला..."

"माझ्यासाठी?" इलिंकानं रुमाल बाजूला केला. "अरे, मी तुझ्यासाठी आले! मला ग्रीसच्या समुद्रावर जायचं होतं, विमानानं! पण तू ऑफिसात ती स्टीलची बाटली घेऊन फिरायचास. म्हटलं, याला हेच आवडत असणार."

"ती बाटली तुला दिसावी म्हणून घेतली होती! कॅन्टीनमध्ये तू कागदी कपाला नाही म्हणालीस ना, त्या दिवशी."

"त्या दिवशी मला कॉफीच नको होती!"

अकॉर्डियन आपोआप थांबलं.

"म्हणजे ही तुझी भाची नव्हे?" परास्किवाबाईंनी अनुत्साबाईंना विचारलं.

"पाहुणी आहे गं. शहरातली."

"शनिवारी सांगता येत नव्हतं? माझं चीज गेलं ना! बरं, मग हे लाल भांडं कुणासाठी टांगलंयस?"

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. निम्मं गाव मागे वळलं.

"मी... छप्पर बघायला आलो होतो," ग्रिगोरे म्हणाले. "दोन फळ्या गेल्यात तुमच्या, अनुत्साबाई."

"रविवारी? इस्त्रीचा शर्ट घालून?" परास्किवाबाई म्हणाल्या. तेवढ्यानं त्यांच्या चीजची भरपाई झाली. रुमाल घडी करून पोतडीत ठेवत त्यांनी मंडळींना फाटकाबाहेर हाकललं. "चला, चला. छपराचं काम आहे, गर्दी नको."

संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसून फॉर्म भरत होती. 'का निवडलात?' याच्याखाली चौकटी होत्या: पृथ्वीची काळजी, शांतता, घरचं अन्न, स्थानिक परंपरा.

"खरं कारण तर यात नाहीच," मातेई नाक पुसत म्हणाला.

"परंपरेवर खूण कर," इलिंका म्हणाली. खाली तिनं स्वतः लिहिलं: 'इथल्या परंपरा अजून काम करतात.'

अनुत्साबाईंनी फॉर्म ॲप्रनच्या खिशात जपून ठेवला. वर छपरावर हातोडीची ठकठक चालली होती. दोन फळ्यांचं काम, पण दुपारपासून संपत नव्हतं.

मातेई उठून झाडापाशी गेला. "काकू, चूक माझीच होती. ते लाल भांडं मी खाली काढून देतो."

वर हातोडी थांबली.

अनुत्साबाईंनी झाडाकडे पाहिलं. दोन दिवस ऑगस्टचं ऊन खाऊन भांडं लखलखत होतं.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "वाळलं नाहीये अजून."