मामांचे ठिपके

मी चौथीच्या पुढं शिकले नाही. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. पण आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "पोरी, लांबनं बघितलं की समदंच चांगलं दिसतंय."

त्यांना हे लांबून बघायला लावायचं वेडच आहे. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. यंदा घराच्या पुढच्या भिंतीवर चित्र काढायला घेतलं, तेही नुसत्या ठिपक्यांचं. काडीपेटीतली काडी रंगात बुडवायची, श्वास रोखायचा, अलगद टेकवायची.

"मामा, भिंतीला गोवर आलाय काय?" गल्लीतले विचारायचे.

"मागं सरका की! आनि थोडं!"

दूधवाला सरकत सरकत गटारात गेला. मामा म्हणाले, "आता दिसलं का?"

"दिसलं की! बाई हाय, मांडीवर प्वार हाय!" तो गटारातूनच ओरडला.

खरंच, उन्हं उतरली की ठिपके एकमेकांत विरघळायचे आणि पदराखालून एक इवलीशी मूठ वर यायची.

"रेघ लई भांडखोर," मामा म्हणायचे. "ठिपकं शेजारी शेजारी गुमान नांदत्यात." खरं कारण मला ठाऊक आहे. त्यांचा हात कापतो. मी त्यांचा कप अर्धाच भरते आणि चहा दोनदा देते. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

चित्रातली बाई म्हणजे माझ्या सासूबाई. नणंद तान्ही असतानाच त्या गेल्या. मायलेकींचा एकत्र फोटो नाही. नणंद आता मुरगूडच्या सासरहून पहिल्यांदाच आपलं बाळ घेऊन येणार होती.

"तिला दिसंल न्हवं?" मामा रोज विचारायचे.

ती आली आणि थेट भिंतीला नाक लावून उभी राहिली. "आबा, हे काय? नुसतंच ठिपकं?"

मामांच्या तोंडून 'मागं सरका' निघेना. हातातली काडी त्यांनी उगाच पुन्हा रंगात बुडवली. शेवटी मीच तिचा दंड धरला आणि गटार चुकवून समोरच्या कट्ट्यापर्यंत मागं नेलं.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, मला तीट लावायची इसरलासा की."

आपल्या बाळाच्या गालावरचं काजळ तिनं बोटावर घेतलं, आणि परत भिंतीपाशी जाऊन तिथल्या बाळाच्या गालाला लावलं.

मामा त्या भिंतीला कुणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी काडी खाली ठेवून म्हणाले, "तेवढा एकच ठिपका ऱ्हायलता."