एकत्र कुटुंबासाठी सागरी परिपत्रक

कुटुंब एकत्र आणायचे असेल, तर ते अशा जागी न्यावे जिथून कोणालाही उठून जाता येत नाही. जमिनीवर ही सोय फक्त तुरुंगात असते, आणि तिथे सगळ्यांना एकाच वेळी प्रवेश मिळेल याची खात्री नसते. म्हणून थोरल्याने जहाज निवडले.

थोरला पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होता, त्यामुळे समुद्राबद्दल त्याला अधिकारवाणीने बोलता येई. निमित्त आईच्या पंचाहत्तरीचे. दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई, चार नातवंडे आणि स्वतः आई, असे अकरा जण आठ दिवस एकत्र राहणार होते. आईने बत्तीस वर्षे एका मोठ्या रुग्णालयात नर्सेसची प्रमुख म्हणून काढली होती आणि निवृत्तीनंतर घरातही तिला पाठीमागे सगळे मेट्रनच म्हणत. काय हवे असे विचारल्यावर ती म्हणाली होती, "सगळे एका टेबलाशी जेवायला बसलो तरी पुष्कळ झालं." ही मागणी फारच किरकोळ वाटल्याने तिच्याऐवजी एकोणीस मजली जहाज मंजूर करण्यात आले.

निघण्यापूर्वी थोरल्याने सहा पानी परिपत्रक काढले. इतके विचारपूर्वक लिहिलेले परिपत्रक त्याच्या खात्यातही कधी निघाले नव्हते (निघाले असते तर नळाला पाणी आले असते). त्यातल्या काही सूचना कोणत्याही एकत्र कुटुंबाने पाठ कराव्यात अशा आहेत :

कलम दोन. सर्वांनी एकसारखे पिवळे टी-शर्ट घालावेत, म्हणजे गर्दीत आपली माणसे ओळखता येतील. (चेहऱ्यावरून ओळखण्याची जुनी पद्धत बेभरवशाची ठरली आहे.)

कलम पाच. प्रत्येकाने आपापल्या आवडीचा कार्यक्रम निवडावा. एका जहाजावर असणे म्हणजेच एकत्र असणे होय.

कलम नऊ. 'आजीसोबत मोलाचे क्षण' : दुपारी चार ते सहा. या वेळेत चारही नातवंडे आजीच्या खोलीत राहतील व पालक मालिश करून घेतील. जहाज बंदराला लागेल त्या दिवशी सुट्टी.

कलम अकरा. एखादी व्यक्ती दिसली नाही, तर ती दुसऱ्या कोणाबरोबर तरी मजेत आहे असे समजावे.

परिपत्रकाची अंमलबजावणी चोख झाली. जहाजावर चौदा भोजनगृहे होती आणि कुटुंबाने पहिल्या दोन दिवसांत त्यांतली अकरा वापरली. दोन दिवसांतली सर्वांत मोठी कौटुंबिक उपस्थिती चार इतकी नोंदवली गेली, तीही लिफ्टमध्ये (पैकी दोघे चुकून चढले होते). मेट्रनला अकराव्या मजल्यावरची आतली खोली मिळाली होती. खोलीला खिडकी नव्हती, पण टीव्हीच्या एका वाहिनीवर चोवीस तास समुद्र दिसे. मेट्रन तो पाहत बसे आणि मधूनच आवाज कमी करी.

तिसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागले. सकाळी नऊच्या सुमारास मेट्रन पोहण्याच्या तलावाशेजारच्या ओल्या फरशीवरून घसरली. पाय मुरगळला. तिला चाकाच्या खुर्चीतून दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दोन दिवस पाय उंच ठेवून पडून राहायला सांगितले.

"घरच्यांना बोलावू?" नर्सने विचारले.

"मीच कळवते," मेट्रन म्हणाली, आणि चष्मा शोधून तिने कुटुंबाच्या ग्रुपवर टाइप केले : 'मी दुसऱ्या मजल्यावर दवाखान्यात आहे.'

दोन मिनिटांत सात अंगठे आणि एक नाचणारे अस्वल आले. थोरल्याने लिहिले, 'मस्त! मजा कर.'

"येतील आता," मेट्रन म्हणाली आणि केस सारखे करून दाराकडे तोंड करून बसली. दुपारपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिने नर्सकडून धुतलेल्या पट्ट्यांची टोपली मागून घेतली आणि एकेक पट्टी इतकी घट्ट गुंडाळली, की नर्सला त्या परत उलगडून सैल कराव्या लागल्या.

संध्याकाळी नर्स म्हणाली, "मी लावू का फोन?"

"नको. बत्तीस वर्षं मी लोकांच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर हाकललं. किती गर्दी करायचे मेले! तेव्हा राग यायचा." एवढे बोलून तिने भिंतीकडे कूस वळवली.

इकडे कलम अकरा तंतोतंत पाळले जात होते. थोरला समजत होता की आई धाकट्याकडे आहे, धाकटा समजत होता की ती ताईकडे आहे, आणि मुलगी समजत होती की ती लवकर झोपली. मेट्रन एकाच वेळी तीन ठिकाणी मजेत होती.

ती सापडत नसल्याचे कुटुंबाच्या लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे एकतीस तासांनी. चार नातवंडे बंद दारासमोर उभी होती आणि मालिशवाली मुलीच्या पाठीला तेल लावून खोळंबली होती. दुर्लक्षाचा आरोप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की गरज पडताच कुटुंब तत्काळ कासावीस झाले.

थोरला सगळ्यांना घेऊन चौकशीच्या खिडकीशी गेला.

"वर्णन सांगा," कारकून बाई म्हणाली.

"पिवळा टी-शर्ट."

"आणखी?"

"उंची मध्यम. चष्मा आहे."

"फक्त वाचायला," धाकटा म्हणाला.

"छे, कायमचा आहे," मुलगी म्हणाली. तिच्या मानेवरून तेल ओघळत होते.

"शेवटचं कोणी पाहिलं?"

दहाही जणांनी शेजारच्याकडे पाहिले. कारकून बाईने संगणकात डोकावून सांगितले, "दवाखान्यात आहेत. काल सकाळपासून."

दोन खाटांच्या खोलीत दहा पिवळे टी-शर्ट घुसले.

"आई, अगं सांगायचं नाहीस का!" थोरला ओरडला. मेट्रनने फोन पुढे केला. त्याने वाचले आणि जरा वेळ विचार केला. "मग 'पडले' असं लिहायचं ना सरळ! मला वाटलं, रक्तदाब तपासायचा फुकट कार्यक्रम असेल."

"फार दुखतंय का हो आई?" धाकट्या सुनेने विचारले.

"काल दुखत होतं."

मग थोरल्याने खोलीभर नजर फिरवली आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, सगळे आहोत की! पटकन फोटो घ्या. पाय येऊ देऊ नका."

नर्सने फोटो काढला. मेट्रनने तो होईपर्यंत दम धरला आणि मग ती जुन्या आवाजात म्हणाली, "भेटीची वेळ संपली. चला, बाहेर." वेळ एवढ्या लवकर संपेल असे कोणालाच वाटले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना फार बरे वाटले. एका मिनिटात खोली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी पाय बरा झाला. हे मेट्रनला कळले आणि पट्टी बदलताना नर्सलाही कळले. पण दोघींनी ते कोणालाच सांगितले नाही. सहलीचे उरलेले दिवस मेट्रन दवाखान्यातच राहिली आणि नर्ससोबत दोन्ही वेळ जेवली.

फोटो मात्र थोरल्याने भेटीच्या दिवशीच सगळीकडे पाठवला : 'तीन पिढ्या, एक जहाज, अतूट नाती!' तीनशे बारा जणांना तो आवडला. मधल्या म्हातारीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे का आहेत, असे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. तुम्हीही नाही. तुमचा अंगठा पाच वाजून दोन मिनिटांनी आला. त्याच्या जरा आधी तुमच्या स्वतःच्या आईचा निरोप आला होता. तोही न वाचता तुम्ही अंगठाच दिला होता.