राजाचा कोट आणि गुंडाचा मान

"आमच्या सयाजीच्या अंगावर आसा पोशाख चडवतो, की औंधापासनं सांगलीपतोर कुणी बगितला नसंल!" थोरल्या लेकाचं लग्न ठरलं, तसं लालासाहेब चावडीवर सांगून मोकळे झाले, आणि घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला.

लढाईचे दिवस. कापड कंट्रोलात गेलेलं, जरीचं तर नावच सोडा. पलटणीतून रजेवर आलेला सयाजी म्हणाला, मी खाकीतच बोहल्यावर उभा राहतो. त्यावर त्याच्या आईनं, चंद्राबाईंनी, असं काही बघितलं की शिपाईगडी गुमान गोठ्यात निघून गेला.

उपाय सापडला सांगलीत. लालासाहेब गूळ घेऊन पेठेत गेले होते आणि तिथं एका नाटक कंपनीचा मुक्काम होता. कंपनीच्या पेटाऱ्यात राजाचा जरीचा कोट होता. तो भाड्यानं मिळायचा. मॅनेजर मात्र पक्का होता. सोमवारच्या खेळाआधी पोशाख परत हवा आणि तोवर जामीन म्हणून घरचा माणूस इथं ठेवा, म्हणाला. लालासाहेबांनी मेव्हणा ठेवला. नानासोंना नाहीतरी घरी जेवणाखेरीज काही उद्योग नव्हता.

लग्न औंधाजवळच्या गावात होतं. शिवेवर नवरदेव उतरला आणि व्याही हंबीरराव बघतच राहिले. बायका पदर सरकवून बघू लागल्या. लालासाहेबांनी मिशीला पीळ भरला. एवढ्या कमी भाड्यात एवढा मोठा मान कुणी मिळवला असेल, असं त्यांना वाटेना.

मग नवरदेवाला आंघोळ घातली आणि मुलीकडचं नवं धोतर नेसवून, पटका बांधून मांडवात आणलं. त्याच्या मागोमाग त्या गावचा न्हावी गुंडा आला. त्याच्या अंगात राजाचा कोट होता!

नवरदेवाला न्हाऊ घालणाऱ्या न्हाव्यानं उतरलेले कपडे घ्यायचे, हा रिवाज. लालासाहेबांच्या गावातही तोच होता. पण जरीच्या नादात तो त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता. आता कोट मागावा, तर न्हाव्याचा मान काढून घेणारा व्याही म्हणून गावभर शोभा. न मागावा, तर नानासो कायमचे कंपनीत. आणि चंद्राबाईंना भाऊ एकच.

लालासाहेबांनी गुंडाला मांडवामागं नेलं. शेळी देतो म्हणाले, घोंगडं देतो म्हणाले. गुंडा हलेना. मानाचा सौदा करत नसतात, असं त्यानं शांतपणे सांगितलं. शेवटी लालासाहेबांनी त्याच्या कानात खरं ते सांगून टाकलं. गुंडानं एकदा कोटाकडं बघितलं, एकदा लालासाहेबांकडं.

"आवं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय? दीन की परत. पर वरातीत मी ह्योच घालनार, आन सांगलीला मीच पोचवनार. मला नाटक बगायचंय."

वरात निघाली. घोड्यावर साधा पटका बांधलेला सयाजी आणि पुढं रिवाजाप्रमाणं आरसा धरून जरीत झळाळणारा गुंडा! गाव थक्क झालं. न्हाव्याला असा कोट देणारा माणूस सुनेला काय घालेल, याची ओसरीओसरीवर चर्चा. हंबीररावांचे तर डोळे भरून आले.

"पाव्हणं, लेक योग्य घरात पडली."

"आमच्यात आसंच आसतंय," लालासाहेब म्हणाले आणि त्या क्षणी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

सोमवारी गुंडानं कोट मॅनेजरच्या हाती दिला, पुढच्या रांगेत बसून नाटक बघितलं, आणि राजा रंगमंचावर येताच शेजाऱ्याला अभिमानानं सांगितलं, "त्यो कोट माजा हाय." नानासोंना मात्र ओढून आणावं लागलं. कंपनीची आमटी त्यांना मानवली होती, आणि हातात भाला देऊन त्यांना दरबारात उभंही करत होते.

लालासाहेबांचं नाव दूरवर गेलं. महिन्याभरात धाकट्या मुलासाठी कऱ्हाडकडचं मोठं स्थळ आपल्या पायांनी चालत आलं. मुलगी चांगली, घराणं चांगलं. लालासाहेब ऐटीत होकार देऊन मोकळे झाले. उठता उठता मध्यस्थानं खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"आमच्या न्हाव्यानं कोटाचं माप धाडलंय. गडी जरा आडवा हाय."

लालासाहेबांची मिशी खाली आली. आतल्या खोलीत नानासोंनी मात्र आनंदानं वळकटी बांधायला घेतली होती.