डावा दरवाजा रोखिल्याची हकीकत

शरदऋतूच्या मोसमात छोट्या चित्रगृही जे युद्ध जाहले, त्याची साद्यंत हकीकत लिहावी ऐसी आज्ञा कोणी केली नाही आणि कोणास तशी गरजही वाटली नाही. परंतु मोठमोठे रणसंग्राम लिहिणारे पुष्कळ, आणि अंधारात जुन्या खुर्च्यांवर बसून भली माणसे एकमेकांशी कशी लढली हे लिहिणारा कोणी नाही, सबब लिहिणाराने आपणच आपणास आज्ञा केली आणि आपणच ती शिरसावंद्य मानिली. वाचणारांनी चित्त दृढ करून वाचावे. हसू आल्यास आवरू नये.

शहरात अनेक पडद्यांची बलाढ्य चित्रगृहे, त्यांचे जिने आपोआप चालतात आणि त्यांच्या पॉपकॉर्नचा वास दोन चौक ओलांडून येतो. त्यांच्या पिछाडीस, छापखाना आणि चष्म्याचे दुकान यांच्या मध्ये अंग चोरून हे छोटे चित्रगृह उभे. पडदा एक, यंत्र एक, बाहेर पडावयाचे दरवाजे मात्र दोन, आणि सर्व अनर्थाचे मूळ तेच. तेथील मुख्य कारभारी श्रीमंत रसिकशिरोमणी चालकसाहेब. गळ्यात बारमाही मफलर, आणि परदेशी दिग्दर्शकाचे नाव घेताना डोळे मिटावयाची सवय. दरसाल शरदाची मोहीम काढावी, निवडक चित्रपट आणावे, विशेष कार्यक्रम करावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. चित्रपट निवडीत ते पाहून नव्हे, माहितीपत्रक वाचून. कारण पाहण्यास वेळ लागतो, आणि वाचून विद्वत्ता लवकर येते.

परंतु चित्रपट हे केवळ निमित्त. साहेबांचा जीव अडकला होता तो खेळानंतरच्या चर्चेत. पडद्यापुढील चौथऱ्यावर तीन खुर्च्या, एक टेबल, त्यावर प्लास्टिकची फुले, आणि बोलणाराच्या आधी स्वतः खोकणारा माइक, ऐसा सरंजाम. चर्चा म्हणजे प्रथम साहेबांचे प्रास्ताविक, मग प्रास्ताविकाचा खुलासा, मग खुलाशावर साहेबांसच सुचलेला प्रश्न, आणि मग त्याचे साहेबांनीच दिलेले उत्तर. त्यात 'परिमाण' हा शब्द इतके वेळा येई की मागील रांगेतील मंडळी तो आला की एकमेकांस कोपर मारीत.

आणि प्रेक्षक म्हणावे तर तेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. निवृत्त, सुशिक्षित, खांद्यास कापडी पिशवी, आणि 'आम्ही बाई मोठ्या थिएटरात पाऊलही टाकत नाही' ऐसी चारचौघांत प्रौढी. परंतु चर्चेचे नाव निघताच ही रसिक फौज शेपूट घालून पळत असे. प्रथम दिवे लागल्यावर पळत. मग साहेबांनी दिवे लागताच बोलावयास आरंभ केला, तेव्हा श्रेयनामावली चालू असता पळू लागले. मग वेळ फुकट जाऊ नये म्हणून साहेब चित्रपटाच्या अखेरीसच अंधारात खुर्च्या मांडू लागले, आणि त्यांतील एका खुर्चीचा पाय करकरत असे. ती करकर म्हणजे इशारतीची तोफ जाहली. पडद्यावर नायिका मरणपंथास लागलेली असो की नायक घरी परतत असो, करकर ऐकू आली की सर्व सैन्य पिशव्या सावरीत वाकून चालू लागे. येणेप्रमाणे त्या चित्रगृहात कोणत्याही चित्रपटाचा शेवट कोणी पाहीनासे झाले, आणि बाहेर त्याची तारीफ मात्र सर्व करीत.

या पळपुट्यांचे सेनापती कोण, तर खुद्द साहेबांचे सासरे, आबा. त्यांस गुडघ्याची व्यथा होती, ती चित्रपट पाहताना शांत असे आणि चर्चेच्या सुमारास उसळे. त्यांस घरी नेण्याचे काम त्यांच्या कन्येकडे, म्हणजे साहेबांच्या बाईसाहेबांकडे. सबब बापाने मनगट धरून ओढिले की तीही बिचारी अर्ध्यातून उठे. बाईसाहेब आपल्या शेजारील खुर्चीवर पर्स ठेवून नवऱ्यासाठी जागा धरीत, आणि मोसमामागून मोसम तेथे पर्सच चित्रपट पाहत असे.

साहेबांस चर्चेचे इतके वेड का, तर त्याचेही कारण आहे, आणि ते लिहिताना लिहिणारास थट्टा सुचत नाही. तरुणपणी हा मनुष्य एकटाच चित्रपटास जाई, एकटाच घरी येई, आणि पोटात मावेना इतके साठले तरी सांगावयास कोणी नसे. मग ही मुलगी भेटली. दोघे चित्रपट पाहून बसथांब्यावर उभे राहून असे कडाक्याचे भांडत की बस येई आणि जाई. तेच सुख सर्वांस द्यावे म्हणून साहेबांनी चर्चा मांडिली, आणि ती मांडता मांडता मूळची भांडणारी कोठे बसली आहे हे पाहावयाचे राहून गेले.

ऐशात हे चित्रगृह चालविणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई खफा जाहल्या आणि त्यांणी फर्मान काढिले. ते ऐसे की, रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण करणे मंडळाच्या इभ्रतीस शोभत नाही. या मोसमात एक तरी चर्चा भरल्या सभागृही सिद्धीस न्यावी. न गेल्यास विशेष कार्यक्रम कायमचे बंद, तीन खुर्च्या अडगळीत, आणि चालकांनी यापुढे कुलूप उघडावे व तिकिटे फाडावी. हे ऐकून साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. रात्री जेवण गेले नाही. बाईसाहेबांस म्हणाले, "चर्चा नसेल तर मी कोण गं? वॉचमन?"

त्या म्हणाल्या, "तू एकदा माझ्याशेजारी बसून आख्खा पिक्चर बघ. मग सांगते कोण ते."

"या सीझनला नाही जमायचं. या सीझनला मला दारावर उभं राहायला लागणार."

"उभा राहा," बाईसाहेब म्हणाल्या, आणि ताट उचलून आत गेल्या.

मग मोहीम सुरू जाहली. पहिल्या खेळात एक बाई खिडकीत उभी राहते आणि बराच काळ उभीच राहते. ती खिडकी सोडण्याआधी प्रेक्षकांनी सभागृह सोडिले. मग मूकपटास साथ म्हणून पियानोवादक आणिला, त्याने डोळे मिटून शेवटचा सूर लाविला, आणि उघडून पाहतो तो समोर फक्त खुर्च्या. मग साहेबांनी हुकमाचा एक्का काढिला आणि एका चित्रपटाचे खुद्द दिग्दर्शक पाहुणे म्हणून बोलाविले. करकर जाहली, गर्दी उठली, आणि दिग्दर्शकही कोणास न कळवता त्या गर्दीत मिसळून कोपऱ्यावरच्या टॅक्सीत बसले. ही शिकस्त साहेबांच्या फार जिव्हारी लागली.

राहिला अखेरचा खेळ. एक म्हातारा जुने लाकडी कपाट पाठीवर घेऊन मुलूखभर चालत जातो. का, तर लेकीशी भांडण होऊन वर्षे लोटली, आणि कपाट तिच्या आईचे. ती दार उघडते की नाही, एवढाच प्रश्न, आणि तो सुटावयास दिग्दर्शकाने तीन तास घेतले. साहेबांनी मसलत केली. खुर्च्या आधीच चौथऱ्यावर नेऊन पडद्याच्या कडेस झाकून ठेविल्या, म्हणजे करकर होऊ नये. दरवाजांस कड्या घालाव्या ऐसाही विचार निघाला, परंतु आगीच्या कायद्यास भिऊन रद्द केला आणि कडीच्या जागी माणसाची पाठ लावावी ऐसे ठरले. उजव्या दरवाजावर तिकीट-खिडकीवरच्या मावशी विणकामाच्या सुयांसह तैनात. डाव्या दरवाजावर खासा स्वारी. खेळ सुरू होण्याआधीपासून साहेब बाहेरून दारास पाठ लावून उभे राहिले, कारण गनिमाचा भरवसा नाही.

परंतु सवय ही खुर्चीहून जुनी. करकर जाहली नाही तरी म्हातारा लेकीच्या जिन्याशी पोचताच आबांचा गुडघा उसळला, त्यांणी कन्येचे मनगट धरिले, आणि मागोमाग सारी फौज डाव्या दरवाजावर चालून आली. दार हलेना. फटीतून बोलणी सुरू जाहली.

"जावईबापू, दार सोडा. गुडघा धरलाय."

"आबा, गुडघा धरलाय तर बसा. बसलं की बरं वाटतं."

मागून एक आवाज आला, "मला गोळी घ्यायचीय!" दुसरा म्हणाला, "माझ्या घरी पाहुणे आलेत!" त्यावर उजव्या दरवाजाआडून मावशी ओरडल्या, "पाहुणे आलेत म्हणून तर पळून आलात ना? तिकीट घेताना तुम्हीच सांगितलंत!" त्या पाहुणेवाल्याचे तोंड बंद जाहले, परंतु बाकीच्यांनी जोर केला, आणि आतून सुशिक्षितांचे खांदे व बाहेरून साहेबांची पाठ ऐसी घनघोर झुंज लागली. मफलर फटीत अडकला. साहेब डगमगले नाहीत. ऐसे करता करता आत दिवे लागले, खेळ संपला, आणि पळण्यात अर्थ उरला नाही. मंडळी पडेल चेहऱ्यांनी माघारी जाऊन खुर्च्यांवर बसली, कारण उजेडात पळणे सभ्य माणसांस जमत नाही.

मग साहेब विजयी मुद्रेने चौथऱ्यावर चढले. सभागृह भरलेले, अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत. हा दिवस पाहावा म्हणून साहेबांनी किती उन्हाळे काढिले! प्रास्ताविक केले, खुलासा केला, परिमाणे उलगडली, आणि मग डोळे मिटून विचारिले की, या शेवटाविषयी रसिकांस काय वाटते?

साहेबांनी डोळे उघडिले आणि पुन्हा विचारिले. कोणी चप्पल पाहू लागले, कोणी छत. मग बाईसाहेब उठल्या.

"अरे, शेवट कुणी बघितलाच नाही. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून तुझ्याशी भांडत होतो. तूच सांग. उघडलं का तिनं दार?"

साहेबांनी माइक जवळ घेतला. म्हणाले की, दार हे येथे केवळ दार नसून त्यास एक परिमाण...

"उघडलं का नाही?"

सर्व सभागृह साहेबांकडे पाहत राहिले. आणि त्या रणधुरंधराच्या ध्यानी आले की आपण तर तीन तास बाहेर भिंत पाहत होतो. हाच नव्हे, या मोसमातील एकही चित्रपट आपण पाहिला नाही. त्यांणी अध्यक्षीणबाईंकडे आशेने पाहिले, तो त्यांचा डोळा मध्यंतराआधीच लागला होता. वर यंत्रवाल्या काकांस विचारिले, तर त्यांणी कानातून क्रिकेट काढून 'काय म्हणालात?' ऐसे विचारिले. येणेप्रमाणे रसिकांच्या त्या दरबारात शेवट पाहिलेला एकही रसिक निघाला नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. माइक खाली ठेवून साध्या आवाजात म्हणाले, "मी पण बघितला नाही हो."

प्रथम मागून कोणी खुसकन हसले, मग सर्व सभागृह हसले. आबांनी निकाल दिला, "उघडणार नाही. एवढी वर्षं आली नाही ती कशाला उघडेल? मी असतो तर उघडलं नसतं." बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही नसतंच उघडलं, आबा. ते ठाऊक आहे मला." गोळीवाले म्हणाले उघडणार, पाहुणेवाले म्हणाले उघडून पुन्हा लावणार. गिल्ला वाढला तेव्हा अध्यक्षीणबाईंनी हुकूम सोडिला की शेवटचा भाग पुन्हा लावावा.

दिवे मालवले. साहेबांस उभे राहावयास दरवाजा उरला नव्हता, कारण पळणार कोणी नव्हते. ते अंधारात चाचपडत खाली उतरले. बाईसाहेबांनी पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि साहेब त्या खुर्चीवर बसले.

पडद्यावर लेकीने दार उघडिले. बापाने कपाट आत लोटिले, आणि ते दारातून जाईना. दोघांनी आडवे करून पाहिले, उभे करून पाहिले. मग लेक आतून एक खुर्ची घेऊन बाहेर आली, ती कपाटाशेजारी ठेविली, आणि चित्रपट संपला.

दिवे लागले तरी कोणी उठले नाही. आबा म्हणाले, "आधी दाराचं माप घ्यायला काय झालं होतं?" आणि त्यांणी डोळे पुसले, तेही गुडघ्यामुळेच ऐसे सांगितले. मग जो तो बोलू लागला, एकाचे वाक्य दुसरा तोडू लागला, आणि अध्यक्षीणबाई भिंतीवर हात आपटून गप्प करीत होत्या तरी कोणी ऐकेना. चौथऱ्यावर तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांची आठवण कोणास जाहली नाही, साहेबांसही नाही.

सबब नोंद करणे ती येणेप्रमाणे. शरदाची मोहीम फत्ते जाहली. चर्चा भरल्या सभागृही सिद्धीस गेली. विशेष कार्यक्रम कायम. आबांस पाहुणेवाल्याने आपल्या गाडीतून घरी नेले, कारण त्यास घरी जाण्याची घाई नव्हती. चालकसाहेब आणि बाईसाहेब बसथांब्यावर उभे राहिले.

"ती खुर्ची तिनं स्वतःसाठी आणली," बाईसाहेब म्हणाल्या.

"बापासाठी आणली."

"तू नीट बघितलं नाहीस."

"या वेळी मी नीट बघितलंय!"

निकाल लागला नाही. बस आली, आणि गेली.