मिक्सरवरचा लाल टॅग

"या वर्षी माइक शिट्टी मारणार नाही," असे बुद्धरत्नने जाहीर केले, तेव्हा सोजरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि लेकाकडे न बघताच विचारले, "आन् मारली तर?"

"मारणार नाही, आई. त्यात नशिबाचा काही संबंध नाही. स्पीकरमधला आवाज फिरून माइकमध्ये शिरला, की शिट्टी होते. शिरू दिला नाही, की होत नाही."

"गेल्या साली त्यो माइकवालाबी आसंच काय काय सांगत हुता."

गेल्या वर्षी कुरुळीच्या विहारात, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात, सोजरबाईंच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यालाच भाड्याच्या माइकने अशी किंकाळी फोडली होती, की पुढच्या रांगेतली लहान मुले रडू लागली आणि गाणे तिथेच थांबले. उभी हयात जिने वस्त्यावस्त्यांवर गाणी म्हटली, ती बाई त्या दिवसापासून घरातही गुणगुणली नव्हती. यंदा तिने एकच संधी देऊ केली होती: शिट्टी वाजली, तर गाणे कायमचे बंद.

बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत मापन विभागात होता. कोणत्याही उपकरणावर, ते तपासून होईपर्यंत, विश्वास न ठेवणे हे त्याचे काम होते आणि तोच त्याचा स्वभावही झाला होता. त्याने एक छोटा मिक्सर विकत आणला, माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि पौर्णिमेच्या दुपारी विहारात टेबल मांडले. पहिल्या चॅनेलला आईचा माइक, दुसऱ्याला पेटीचा, तिसऱ्याला ढोलकीचा. मिक्सरमधून निघालेल्या दोन केबली दोन स्पीकरांना. मग त्याने मुद्दाम आवाज चढवत नेऊन शिट्टी वाजवली, ती कुठे सुरू होते ते पाहिले आणि बटणे तिथून बरीच मागे आणून ठेवली. विहार समितीचे हिंदुराव, कारखान्याच्या प्रेसशॉपमधून, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवरून, निवृत्त झालेले, खुर्चीत बसून हे सगळे पाहत होते.

"झालं का रं?"

"झालं, काका. आता आईला घेऊन येतो."

आणि इथे कंपनीतल्या सवयीने घात केला. यंत्र सोडून जाताना त्याची जोडणी तोडायची, टॅग लावायचा आणि मगच पाठ फिरवायची, हे बुद्धरत्नच्या हातांना इतके ठाऊक होते, की त्यांनी त्याला विचारलेही नाही. स्पीकरांच्या केबली मिक्सरमधून उपटल्या गेल्या, त्यांची वेटोळी टेबलाच्या पुढच्या कडेला, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला, टांगली गेली आणि वर लाल टॅग अडकला: 'जोडू नये. बुद्धरत्न.'

संध्याकाळी सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता तुंबवला. मायलेक पोहोचले, तेव्हा सामुदायिक वंदना संपत आली होती आणि हॉल गच्च भरला होता. लगेच सोजरबाईंचे नाव पुकारले गेले. बुद्धरत्न धावत टेबलामागे बसला, मिक्सर सुरू केला आणि कानांवर जाडजूड हेडफोन चढवले. हिरवे दिवे लागले. हेडफोनमध्ये आईच्या बांगड्यांची किणकिणसुद्धा स्वच्छ ऐकू आली. बाकीचे जग मात्र त्या हेडफोनांनी बाहेरच ठेवले.

सोजरबाईंनी बिचकतच, माइकला ओठ टेकवून, पहिली ओळ म्हटली. शेवटच्या रांगेतून बुद्धरत्नची बायको मिनल, हिंजवडीहून थेट ऑफिसच्या कॅबने आलेली, उभी राहून हाताने 'वाढव, वाढव' अशा खुणा करू लागली. बायकोला आवाज आवडला, असा निष्कर्ष काढून बुद्धरत्नने मान तुकवली.

"ओ साहेब, मागं काय ऐकू येत नाय!" कोणीतरी ओरडले. साहेबांनाही ते ऐकू आले नाही.

आई माइकला फारच चिकटली आहे, एवढे मात्र त्याच्या लक्षात आले. तांबडा दिवा लुकलुकत होता. इथूनच शिट्टीची सुरुवात होते. त्याने तिला हाताने मागे सरकण्याची खूण केली. सोजरबाई एक पाऊल मागे सरकल्या. मागून पुन्हा ओरडा झाला, "आजी, मोठ्यानं!" त्यांनी एकदा लेकाकडे पाहिले. लेक आणखी मागे जायला सांगत होता. त्या आणखी मागे गेल्या, पदर खोचला आणि माइक नावाची वस्तू जन्माला आलेलीच नाही अशा थाटात गळा मोकळा सोडला.

हॉलमधली चुळबुळ थांबली. बाहेर चपला काढत असलेली माणसे एक चप्पल पायात ठेवून उभी राहिली. दुसरे कडवे आले आणि निघून गेले. तिसऱ्याला सगळा हॉल टाळ्यांचा ठेका धरत होता. दिवा तांबडा झाला, की बुद्धरत्न बटण केसभर खाली घेई. आणि आपल्या बोटांनी आईचा आवाज कसा तोलून धरला आहे, या जाणिवेने त्याची छाती भरून येई.

गाणे संपले. शिट्टी वाजली नव्हती. त्याने हेडफोन काढले, तर टाळ्या थांबेनात.

"मानलं राव!" घराशेजारच्या खोलीत राहणारा गणराज धावत आला. "काय क्लिअर आवाज! कुठलं मशीन हाय हे, भावा? आपल्या मंडळालाबी घेऊ."

मशीनचे नाव दाखवायला बुद्धरत्न टेबलाच्या पुढच्या बाजूला आला आणि त्याला त्याचाच लाल टॅग दिसला.

"हे... हे जोडलेलंच नव्हतं?" त्याने पहिल्या रांगेकडे पाहिले. "तुम्हा सगळ्यांना हे दिसत होतं?"

"दिसत हुतं की," हिंदुराव म्हणाले.

"मग कोणी जोडलं का नाही?"

"टॅग तुझा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा." हिंदुरावांनी दोन्ही पंजे पसरून दाखवले. "जल्म गेला प्रेसशॉपमधी. धाबी बोटं जाग्यावर हायत, ती उगाच न्हाई."

पहिली रांग, जी सगळी कोणत्या ना कोणत्या कंपनीत होती, गंभीरपणे मान हलवती झाली.

"मला वाटलं, वायरलेस असंल," गणराज पुटपुटला.

न झालेल्या तपासणीवर बुद्धरत्नने आयुष्यात कधी सही केली नव्हती. त्याने आईचा माइक उचलला आणि भरल्या हॉलपुढे कबुली दिली. ती अर्थातच कोणाला ऐकू गेली नाही.

"काय म्हनतोस, रतन?" सोजरबाईंनी विचारले. त्याने त्यांच्या कानात सांगितले. त्या हॉलकडे वळल्या आणि शेवटच्या रांगेलाही शंका उरू नये अशा आवाजात म्हणाल्या, "माजा लेक सांगतोय, मशीन जोडलंच नव्हतं!"

मग ज्या टाळ्या उठल्या, त्यांच्यापुढे आधीच्या टाळ्या चाचणीच्याच म्हणाव्या लागतील.

"चुकलो, आई," बुद्धरत्न म्हणाला आणि खाली वाकून केबलीला हात घालू लागला. "आत्ता जोडतो."

"चुकलास कशानं? शिट्टी वाजनार न्हाई म्हनालास. वाजली का?"

"नाही."

"मग? ऱ्हाऊ दे त्यो टॅग तसाच. दुसरं गानं म्हनते."

बुद्धरत्न पुन्हा मिक्सरमागे जाऊन बसला. हेडफोन पिशवीत, हात मांडीवर. दारातून नुकत्याच आत आलेल्या कोणीतरी हिंदुरावांना हळूच विचारले, "टेबलामागं बसलेत, ते काय करतात?"

हिंदुरावांनी वळून पाहिले. बुद्धरत्न डोळे मिटून, ताठ मानेने, गालातल्या गालात हसत होता.

"त्यो? त्यो तिचा लेक हाय," हिंदुराव म्हणाले. "ड्युटीवर हाय."