टोप्यांसाठी नवा मुलूख

गलबतांचे मालक पेन्हॅलोसाहेब जेवता जेवता खुशीत आले, तेव्हा यजमान अँब्रोज टकफील्डला वाटलं, काम झालंच. ब्रिस्टल शहरात त्याचं लोकरी टोप्यांचं दुकान होतं आणि घरचा माळा न खपलेल्या टोप्यांनी भरला होता. राणीसाहेबांचा कायदाच होता, म्हणून लोक रविवारी लोकरी टोपी घालत. बडे लोक आणि प्रवासाला निघालेले यांना तेवढी सूट. एरवी टोपीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. साहेबांनी समुद्रापलीकडे वसाहत करायला गलबत दिलं, तरच धंदा वाचणार होता.

अँब्रोज नदीच्या नावेतसुद्धा ओकायचा. पण त्याला कुठे जायचं होतं? जाणार होत्या टोप्या.

"तिथली हवा कशी?" साहेबांनी विचारलं.

"स्पेनसारखी! द्राक्षं, ऑलिव्ह, रेशीम, हवं ते पिकवा."

"आणि तुझ्या टोप्या घेणार कोण?"

"तिथले लोक. सगळे बोडके आहेत हो बिचारे!"

"अहो, एवढ्या उकाड्यात लोकरीची टोपी?" वाढता वाढता बायको थॉमसीनने विचारलं. तिला खरंच कुतूहल होतं.

अँब्रोज अडखळला. "लोकर... ऊन आत येऊ देत नाही."

"असं? बघूया की!" साहेब सरसावून बसले. "टोपी डोक्यावर आहेच. बस शेकोटीजवळ."

थॉमसीनने उत्साहाने आणखी ओंडके टाकले. अँब्रोज घामाने निथळू लागला.

"कसं वाटतंय?"

"गार!" तो म्हणाला. त्याचा हात टोपीकडे गेला, तशी थॉमसीन कुजबुजली, "रविवार आहे. दंड होईल!"

"वसाहतीचा आणखी काय फायदा?" साहेबांनी विचारलं.

"शहरातल्या रिकामटेकड्यांना काम मिळेल. धंदा बुडालेले किती जण आहेत इथे!"

"कोण, सांग बघू?"

डोकं इतकं तापलं होतं, की खरं तेच तोंडून निघून गेलं. "मी!"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "पटलं! गलबत दिलं. आणि पहिला माणूस तू. उकाड्यात टिकणारा असा दुसरा कुठून आणू?"

अँब्रोजच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. ती माळ्याकडे पाहत होती.

"सगळ्या टोप्या न्याल ना हो? मला माळ्यावर सफरचंदं ठेवायची आहेत."

"साहेब," अँब्रोज रडकुंडीला आला, "निदान ही टोपी तरी काढू का?"

"काढ की," साहेब म्हणाले. "तू आता प्रवासी. तुला सूट आहे."