सुभेदारांची प्रॅक्टिस

आमच्या शेजारचे सुभेदार रस्त्यानं चालायला लागले की मागून आलेली म्हातारीकोतारी त्यांच्या पुढं निघून जातात. मी धरून! आणि माझे गुडघे कसे आहेत ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

बरं, माणूस मूळचा असा नव्हे. पलटणीतनं घरी आले तेव्हा भाजीला निघाले तरी परेडला निघाल्यासारखे. बायको शालन बिचारी पिशवी सांभाळत पार मागं. हे राजवाड्यापाशी चहा पिऊन मोकळे, ती अजून मोती चौकात. पुढं तिचे गुडघे गेले आणि तिचं बाहेर पडणंच बंद झालं.

आणि गेल्या दिवाळीपासून बघावं तर हे एकटेच, पाऊल टाकू का नको अशा चालीनं फिरतायत. आपल्याकडं बिनकामाचं फिरणाऱ्याला लोक सुखानं फिरू देतात होय? जो तो विचारतो, "कुठं निघाला?" म्हणून यांच्या हातात पिशवी. कुणी विचारलं की ती वर करून दाखवायची. घरी येताना पिशवी तशीच रिकामी!

त्यात बांगड्यांच्या दुकानासमोर हमखास थांबायचे. एवढ्या मोठ्या मिशा, आणि नजर हिरव्या चुड्यावर. बाजार हसायचा. शेवटी मीच विचारलं, "काय सुभेदार, बांगड्या भरताय का?"

"आक्का, प्रॅक्टिस चाललीया."

"कसली?"

"हळू चालायची. शालनच्या गुडघ्याची वाटी बदलायची हाय. नंतर रोज चालवा म्हणालाय डाक्टर. म्या सवयीनं म्होरं पळालो तर रुसून घरात बसंल, मग कायमचीच बसंल. हसू नगा. लय अवघड हाय हे."

ऑपरेशन झालं. महिन्याभरानं शालन काठी घेऊन बाजारात निघाली. हे शेजारी, जीव मुठीत धरून. मी मागं. बांगड्यांचं दुकान आलं तसे सुभेदार थांबले.

"हितं का थांबला?" शालननं विचारलं.

"तू थांबायचीस न्हवं?"

"तुमाला काय ठावं? कवा मागं वळून बगितलंय तुमी?"

सुभेदारांनी पुढच्या वळणाकडं हनुवटी केली. तिथं चष्म्याचं दुकान आहे, दारातच मोठा आरसा.

"त्यात दिसायचीस," ते म्हणाले. "तू हललीस की मगच म्या म्होरं जायचो."

शालन त्या आरशाकडं बघतच राहिली. मग काठी सावरत म्हणाली, "एक हाक मारली असती, तर जीभ झिजली असती व्हय?"

तिनं पाऊल टाकलं, मग सुभेदारांनी टाकलं.